कंदाचा उन्हाळा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांच्या हाताखाली मी वनस्पतिशास्त्र शिकले. प्रयोगशाळेत एखादी अनोळखी वनस्पती आली की आम्ही मुलं-मुली पाकळ्या मोजायला लागायचो. सर मात्र आधी विचारायचे, "ही जिथली आहे तिथे पाऊस कोणत्या महिन्यात पडतो?" तेव्हा या प्रश्नाचा फुलाशी काय संबंध ते कळत नसे. आता मी इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हनमध्ये राहते. घरामागे एक लहानसं काचघर आहे आणि त्यात हिवाळ्यात फुलणारे नाजूक कंद वाढवते. सरांचा तो प्रश्न मला तिथे रोज उपयोगी पडतो.

"हिवाळ्यात फुलणारे" आणि "नाजूक" हे दोन शब्द एकत्र ऐकले की प्रथम चमत्कारिक वाटतं. जे झाड हिवाळ्यात फुलतं त्याला थंडीची भीती कसली? आणि ज्याला थंडी सोसत नाही त्याने फुलायला हिवाळाच का निवडावा? याचं उत्तर दक्षिण आफ्रिकेच्या नैऋत्य टोकाला, केप टाउनच्या आसपासच्या पट्ट्यात सापडतं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो. मे ते ऑगस्ट हे तिथले पावसाचे महिने. डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो, वारा सुटतो, जमीन भाजून निघते. समुद्र जवळ असल्यामुळे सखल भागात हिवाळ्यातही पाणी सहसा गोठत नाही. म्हणजे तिथला हिवाळा आपल्या पावसाळ्यासारखा, सगळं हिरवं करणारा. या टापूत सुमारे 9,000 जातींच्या सपुष्प वनस्पती आहेत, आणि त्यांतल्या पंधराशेच्या आसपास जमिनीखाली कंद, घनकंद किंवा गड्डा बाळगणाऱ्या आहेत. जगात एवढ्या लहान भूभागात एवढे कंद दुसरीकडे नाहीत. फ्रीझिया, ग्लॅडिओलसच्या कित्येक जाती, नेरीन, लॅकेनालिया ही सगळी मंडळी तिथली.

आपल्याकडे हाच व्यवहार उलट्या महिन्यांत चालतो. सह्याद्रीच्या उतारांवर आणि माळांवर कोळकांदा असतो. ऐन उन्हाळ्यात, एकही पान नसताना, त्याचा दांडा जमिनीतून वर येतो आणि फुलतो. पानं येतात ती पावसाबरोबर, आणि पाऊस सरला की वाळून जातात. केपच्या कंदालाही पानं पावसाबरोबर येतात, फक्त तो पाऊस हिवाळ्यात असतो. कोळकांद्याच्या कुळातले कितीतरी भाऊबंद आफ्रिकेत आहेत. दोघांची अडचण एकच: वर्षातले बरेच महिने पाणी नाही. दोघांनी काढलेली तोडही एकच, पाणी असेल तेवढ्या दिवसांत पानं काढून अन्न साठवायचं आणि उरलेले दिवस जमिनीखाली काढायचे.

आता मी आज जे सांगायला आले आहे ते सांगते. हिवाळ्यातलं फूल हिवाळ्यात घडत नाही, त्याची तयारी उन्हाळ्यात होते. कुंडीत वर काहीच दिसत नसताना, माती ठणठणीत कोरडी असताना, कंदाच्या आत पुढच्या मोसमाचं काम चालू असतं. माळ्याचं कसब त्या रिकाम्या दिसणाऱ्या महिन्यांत लागतं. लोक मला विचारतात, "हीटर किती लावता?" त्यांनी खरं तर विचारायला हवं, "पाणी कधी तोडता?"

हे लक्षात यायला युरोपला फार वेळ लागला. नेरीनच्या एका जातीची गोष्ट सांगते. ही आज इंग्रजीत गर्नसी लिली म्हणून ओळखली जाते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती पॅरिसमध्ये फुलली, आणि 1635 मध्ये कोर्न्यू या फ्रेंच वैद्याने तिचं वर्णन छापलं तेव्हा तिला जपानची वनस्पती म्हटलं. पुढे एक कथाही रूढ झाली: जपानहून येणारं एक जहाज गर्नसी बेटाजवळ फुटलं, त्यातले कंद किनाऱ्यावरच्या वाळूत रुजले आणि फुलले. लंडनचे जेम्स डग्लस यांनी 1725 मध्ये या एका फुलावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, त्यातही ही कथा आहे. पाकळ्यांवर सोन्याचा वर्ख पसरल्यासारखी चकाकी असते हे त्यांनी बारकाईने नोंदवलं. ते अगदी खरं आहे. ऑक्टोबरच्या तिरप्या उन्हात त्या लालसर शेंदरी पाकळीकडे अगदी जवळून पाहिलं की एकेक पेशी लखलखताना दिसते. पण फूल इतकं नीट पाहणाऱ्यांनाही त्याचं गाव ठाऊक नव्हतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वनस्पतिशास्त्रज्ञांना हीच जात केपच्या टेबल माउंटनवर मिळाली, तेव्हा कोडं सुटलं. शंभर वर्षांहून अधिक काळ एक कंद चुकीच्या पत्त्यावर नोंदलेला होता. जपानचा उन्हाळा पावसाचा, टेबल माउंटनच्या उतारांचा उन्हाळा कोरडा. पत्ता चुकला की पाण्याचा महिना चुकतो, आणि पाण्याचा महिना चुकला की कंद सडतो.

1772 मध्ये क्यू उद्यानाने फ्रान्सिस मॅसन या तरुण माळ्याला कॅप्टन कुकच्या जहाजावरून केपला पाठवलं. क्यूने अधिकृतपणे पाठवलेला हा पहिला वनस्पती-संग्राहक. स्वीडनचे थुनबर्ग यांच्यासोबत त्याने आतल्या प्रदेशात प्रवास केले आणि कंद, बिया, रोपं इंग्लंडला आणली. त्याने 1775 मध्ये आणलेलं एक सायकड क्यूच्या काचघरात अजून जिवंत आहे. व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजउद्यानाने 1780 च्या दशकात बोस आणि शोल या दोन माळ्यांना केपला धाडलं. शोल तिथेच बारा-तेरा वर्षं राहिला आणि कंद पाठवत राहिला. ते कंद शॉनब्रुनच्या काचघरांत फुलले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जॅकिन यांनी त्यांची रंगीत चित्रं करवून मोठमोठे ग्रंथ काढले. या साऱ्या उद्योगात मला शोलचं फार अप्रूप वाटतं. चित्रावर नाव जॅकिनचं, झाडाच्या नावापुढे नाव जॅकिनचं. पण कंद कोणत्या महिन्यात उकरायचा, कोरडा कसा करायचा, महिनोन्‌महिन्यांच्या समुद्रप्रवासात तो जिवंत कसा राहील, हे ज्ञान त्या माळ्याच्या हातात होतं. ते ग्रंथात उतरलं नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात काचघरं बदलली. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर 1845 मध्ये उठला, काच स्वस्त झाली, गरम पाण्याचे नळ काचघरातून फिरू लागले. ऑर्किड आणि विषुववृत्तीय जंगलातली झाडं यांची चलती सुरू झाली. त्यांना दमट ऊब लागते. केपच्या झाडांना अशी ऊब मारक. त्यांना मोकळी हवा, थंड रात्र आणि भरपूर ऊन लागतं. नवी उबदार घरं बांधली गेली तसतशी केपची झाडं मागे पडली आणि कितीतरी संग्रह विरून गेले. ज्या झाडाला आपण नाजूक म्हणतो ते गारठ्याने मरतं तसं ते लाडानेही मरतं, हे तेव्हाच्या मालकांना कळलं नाही.

उजेडाचा हिशेब मांडून पाहा. केप टाउनमध्ये वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे दहा तासांचा असतो, डेव्हनमध्ये आठ तासांचा. आणि ते आठ तासही बहुतेक ढगाखाली जातात. अशा वेळी मी काचघर 15 अंशांवर ठेवलं तर कंदाला वाटतं वाढायला हरकत नाही. पण वाढीसाठी लागणारा उजेड नसतो. मग पानं लांबतात, लोळतात, फुलाचा दांडा मऊ पडतो आणि रंग फिका येतो. म्हणून माझ्याकडचा हीटर पाच अंशांच्या आसपास जागा होतो, तेवढाच. दंव आत येऊ नये हे त्याचं काम. कोरडा दिवस असेल तर जानेवारीतही मी छताची खिडकी उघडते, कारण कोंदटलेल्या दमट हवेत करडी बुरशी एका रात्रीत पानाच्या बुडाशी बसते. काच दर शरद ऋतूत आतून-बाहेरून धुते. हे कंटाळवाणं काम आहे, पण त्याने मिळणारा उजेड कोणत्याही खतापेक्षा मोलाचा आहे.

आता एका कुंडीजवळ तुम्हाला नेते. लॅकेनालिया ही हायसिंथच्या नात्यातली, दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातली प्रजाती. तिच्या सव्वाशेच्या वर जाती आहेत. त्यांतली एक विरिडिफ्लोरा. विन्सम बार्कर या बाईंनी ती 1972 मध्ये शास्त्राच्या पटावर आणली. केपच्या कर्स्टनबॉश उद्यानातल्या वनस्पतिसंग्रहालयात त्यांनी लॅकेनालियावर आयुष्यभर काम केलं. ही जात पश्चिम किनाऱ्यावर सेंट हेलेना उपसागराजवळच्या ग्रॅनाइटच्या खडकांवर, बोटभर मातीच्या थरात वाढते, आणि तिथली वस्ती इतकी थोडी आहे की ती धोक्यातली जात म्हणून गणली जाते. माझ्याकडे ती नोव्हेंबरच्या अखेरीस फुलते. दोन रुंद पानं मातीलगत पसरलेली, मधून जेमतेम वीतभर दांडा, आणि त्यावर दीड-दोन सेंटीमीटर लांबीच्या नळ्यांची फुलं. त्यांचा रंग मोरपंखी. या रंगासाठी मराठीत इतका नेमका शब्द आहे याचा मला आनंद होतो, कारण इंग्रजी पुस्तकं तिथे हिरवा-निळा करत चाचपडतात. फुलांत या रंगाच्या फार थोड्या जाती असतील. बाहेर चार वाजता अंधारून येत असतं, तेव्हा तो रंग काचेमागे एवढा उठून दिसतो की शेजारच्या घरातली लहान मुलं कुंपणापाशी येऊन तो पाहतात.

ही कुंडी वर्षभर कशी राहते ते सांगते. कुंडी भाजलेल्या मातीची, कारण तिच्या भिंतीतून पाणी बाहेर निघून जातं. भरड वाळू आणि बारीक खडी मिळून अर्धी, उरलेली चाळलेली माती आणि पालापाचोळ्याचं कुजलेलं खत. शेणखत अजिबात नाही. कुंड्या वाळूच्या वाफ्यात गळ्यापर्यंत पुरलेल्या असतात. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला, रात्री गार व्हायला लागल्या की पहिलं पाणी भरपूर द्यायचं, मग पानाचं टोक दिसेपर्यंत थांबायचं. पानं वर आली की माती पुरती सुकू द्यायची नाही, पण पाणी द्यायचं ते सकाळी, उघडीप बघून, कुंडीच्या कडेने. दोन पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की दांडा तिथेच कुजतो. फुलं संपली तरी पाणी चालू ठेवायचं, आणि इथेच बहुतेक नवखे फसतात. फूल गेलं की त्यांचं लक्ष उडतं. पण पुढच्या वर्षीचं भांडवल फुलानंतरच्या त्या आठ-दहा आठवड्यांत पानं कमावतात. एप्रिल-मेमध्ये पानं पिवळी पडू लागली की पाणी बंद.

हे नाशिककडच्या कांदा उत्पादकाला मी सांगायला नको. उन्हाळी कांद्याच्या माना पडल्या की तो पाणी तोडतो, कांदा काढून पातीसकट शेतात सुकवतो, मग चाळीत भरतो. माना पडलेल्या पिकाला पाणी देणाऱ्याचा कांदा चाळीत टिकत नाही. लॅकेनालियाची कुंडी काचघरात वाळत ठेवणं म्हणजे तीच चाळ.

पण उन्हाळा नुसता कोरडा असून भागत नाही, तो तापलेलाही लागतो. यासाठी फ्रीझियाचं उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. ही जगभर फुलबाजारात विकली जाते, त्यामुळे तिचा अभ्यास खूप झाला आहे. व्यापारी उत्पादक तिचे घनकंद काढल्यावर दहा ते तेरा आठवडे 30 अंशांच्या आसपास ठेवतात. एवढी ऊब मिळाल्याशिवाय घनकंद झोपेतून उठत नाही. थंड खोलीत ठेवला तर लावल्यावरही तो मख्ख पडून राहतो. मात्र उठून चार-सहा पानं काढल्यावर त्याला कळी धरायला 12 ते 15 अंशांचा गारवा लागतो. आधी ऊन, मग गारवा: हा क्रम केपचा आहे. ट्यूलिपचं गणित उलटं, त्याला कंदात कळी तयार झाल्यावर कडक थंडीचे आठवडे लागतात. म्हणून ट्यूलिपच्या पुस्तकातले नियम केपच्या कंदांना लावणं घातक ठरतं.

हाच उन्हाळा मी एका वेगळ्या ठिकाणी, उघड्या शेतात पाहिला. कॉर्नवॉलच्या टोकापासून सुमारे 45 किलोमीटरवर सिली बेटं आहेत. गल्फ स्ट्रीमच्या कृपेने तिथे दंव क्वचित पडतं. तिथला शत्रू वारा. 1834 मध्ये ऑगस्टस स्मिथ यांनी ही बेटं भाड्याने घेतली, ट्रेस्को बेटावरच्या पडक्या मठाभोवती बाग उभारली, आणि अटलांटिकचा वारा अडवायला उंच भिंती बांधल्या आणि झाडांच्या रांगा लावल्या. आडोशाच्या बागेचं बळ आणि मर्यादा दोन्ही ट्रेस्कोने भोगल्या. जानेवारी 1987 मध्ये बर्फ आणि कडाक्याचं दंव पडलं, बागेतली अगणित झाडं गेली. बाग सावरते आहे तोच जानेवारी 1990 च्या वादळाने वारा अडवणारे वृक्षच आडवे केले. आज तिथे जाल तर ती बाग पुन्हा भरलेली दिसते. आडोसा लावायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं, म्हणून पहिली कुदळ झाडासाठी मारण्याआधी वाऱ्यासाठी मारावी असं मी नव्या बागवाल्यांना सांगत असते.

सिलीचे शेतकरी हिवाळ्यात नार्सिसस पिकवतात. आपण ज्याला नर्गिस म्हणतो त्याचीच ही एक जात, सोलेल दॉर नावाची, पिवळ्या पाकळ्या आणि नारिंगी वाटी असलेली, एका दांड्यावर झुपक्याने येणारी. शेतं लहान लहान, भोवती पुरुषभर उंचीची सदाहरित कुंपणं. या नार्सिससला फुलायला थंडीची गरज नाही, त्याची कळी पानं वाळल्यावर उन्हाळ्याच्या उबेत जमिनीखाली धरते. आणि इथे सिलीकरांची एक जुनी रीत आहे. उन्हाळ्यात कंद झोपलेले असताना शेतावर पेंढा पसरून जाळायचा. तसं केलं की फुलं लवकर आणि अधिक येतात. आता प्लास्टिकच्या आच्छादनाखाली धूर सोडतात. आधी वाटायचं की उष्णतेचा हा परिणाम. पण काम धूर करतो: त्यातला एथिलीन वायू कंदाला कळी धरण्याचा इशारा देतो. आपल्याकडे आढीत आंबा पिकतो तो याच वायूमुळे.

हे वाचलं तेव्हा मला केपची अग्निलिली आठवली. सिर्टॅन्थस व्हेंट्रिकोसस हा कंद वर्षानुवर्षं न फुलता झुडपांखाली पडून राहतो. डोंगराला वणवा लागला की पंधरवड्याच्या आसपास राखेतून त्याची लालभडक फुलं वर येतात, मग महिना कोणताही असो. 1990 च्या दशकात सिद्ध झालं की त्यालाही धूरच जागवतो. केपच्या कितीतरी बियाही धुराशिवाय उगवत नाहीत. कर्स्टनबॉशमध्ये धुराचा अर्क मुरवलेले कागदाचे तुकडे मिळतात, ते पाण्यात भिजवून त्यात बी ठेवायचं. एका समुद्रापलीकडच्या बेटावरच्या शेतकऱ्याने अनुभवाने जे गाठलं तेच दुसऱ्या गोलार्धातला डोंगर हजारो वर्षं करत आला होता.

इथे, महाराष्ट्रात, कोणाला हे कंद लावायचे असतील तर? पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात उन्हाचा तुटवडा नाही, रात्रीही गार असतात. डेव्हनपेक्षा ही परिस्थिती किती तरी चांगली. अडचण जून ते सप्टेंबरची. कंद झोपलेला असतो तेव्हाच आपला पाऊस येतो, आणि नुसत्या दमट हवेनेही त्याला बुरशी धरते. कुंड्या छपराखाली, वारा खेळेल अशा जागी, पूर्ण कोरड्या ठेवता आल्या तरच या फंदात पडावं. आणि ज्याला कंदाचं वर्तन शिकायचं आहे त्याने रोपवाटिकेत वाढवलेला कोळकांदा कुंडीत लावून पाहावा, तो आपल्याच पावसाचा आहे.

शेवटी कंद मिळवायचा कुठून, हे सांगायला हवं, कारण यात मला कुठलीही तडजोड मान्य नाही. रानातून उकरलेला कंद विकत घेऊ नये, कोणी भेट दिला तरी घेऊ नये. विरिडिफ्लोरासारख्या जातीचे मूठभर कंद कोणी उचलले तर एका खडकावरची सगळी वस्ती संपते. शिवाय जुन्या संग्रहांतल्या कंदांतून विषाणू पसरतो. पानांवर फिकट पट्टे दिसतात, मावा तो एका कुंडीतून दुसरीत नेतो, आणि त्यावर औषध नाही, झाड जाळावं लागतं. बियांतून मात्र हा विषाणू सहसा उतरत नाही. म्हणून मी बी पेरते. शरद ऋतूच्या तोंडाशी, मोठ्या कंदांना पहिलं पाणी देते त्याच आठवड्यात, बी भरड वाळूवर टाकायचं आणि वर खडीचा पातळ थर द्यायचा. दोन-चार आठवड्यांत गवताच्या काडीएवढं एकच पान येतं. पहिल्या वसंतात ते सुकतं तेव्हा खाली ज्वारीच्या दाण्याएवढा कंद झालेला असतो. त्याला पहिला उन्हाळा मोठ्या कंदांइतका कडक देऊ नये, कुंडी जरा सावलीला सरकवावी आणि महिन्यातून एकदा वाफ्याची वाळू तेवढी ओलवावी. बहुतेक लॅकेनालिया तिसऱ्या हिवाळ्यात फुलतात, काही दुसऱ्याच.